निकालाचे पेढे: खव्याच्या पट्ट्यातलं एक विषबाधा प्रकरण

दहावीचा निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात शाळेच्या पटांगणात गुणवंतांचा सत्कार झाला. साडेअकराच्या सुमाराला पेढे वाटले, मोठ्यांना चहा दिला. दीडच्या पुढे पहिली उलटी झाली. चार वाजेपर्यंत तीसेक जण ग्रामीण रुग्णालयात होते, त्यात बहुतेक पोरं. मळमळ, एकामागून एक उलट्या, पोटात मुरडा, काहींना जुलाब. ताप मात्र जवळजवळ कोणालाच नव्हता. कोणाला सलाईन लावलं, कोणाला ओआरएस पाजलं. रात्रीपर्यंत निम्मे घरी गेले, उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी.

पेढे आले होते भूम-वाशी भागातल्या एका छोट्या कारखान्यातून. हा सगळा खव्याचा पट्टा. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू, त्यामुळे दावणीची जनावरं हाच घराचा रोजचा पैसा. दूध लवकर नासतं, खवा त्यापेक्षा दोन दिवस जास्त धरतो, म्हणून गावोगाव भट्ट्या झाल्या. साधारण पाच लिटर दुधाला एक किलो खवा पडतो. कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव याच भागातून बाहेर गेलं. आपल्या प्रकरणातल्या कारखान्यात दोन भट्ट्या, फिरत्या कढईचं एक मशीन, चार-पाच कामगार आणि पहाटेपासून राबणारे नवरा-बायको, एवढा पसारा.

मी एका खासगी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव विभागाचं काम पाहते. मालकांनी नमुने आमच्याकडे पाठवले आणि त्यांच्याच संमतीने हे लिहिते आहे. गाव, दुकानं, माणसं यांची ओळख पटेल असं सगळं वगळलं आहे.

पट्टीचा फोटो

आमच्याकडे फोन आला तेव्हा मालकांच्या मोबाइलवर एक फोटो येऊन पडलेला होता. त्यांचा माल विकणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदाराने ऑनलाइन मागवलेल्या, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूच्या जलद चाचणीच्या पट्ट्या दुकानात ठेवल्या होत्या. उरलेल्या डब्यातला एक पेढा त्याने कोमट पाण्यात कालवला, पट्टी बुडवली, पंधरा मिनिटांनी फोटो काढला आणि पाठवून दिला. पट्टीवर एकच रेघ होती, नियंत्रण रेघ, म्हणजे पट्टी चालते आहे एवढंच सांगणारी. जंतूची दुसरी रेघ नव्हती. म्हणजे 'निगेटिव्ह'.

मालकांचा जीव भांड्यात पडला होता. "मॅडम, पट्टीवर तर एकच रेघ आली. म्हंजे माल चांगलाच हाय की. चहातच काहीतरी असंल."

त्या पट्टीत खोट नव्हती. खोट होती ती वापरण्यात, आणि तीही तीन ठिकाणी. पहिली सगळ्यात साधी. अशा पट्टीवर दुसरी रेघ उठते ती द्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये साधारण एक लाख ते दहा लाख जंतू असतील तेव्हा. दुधाच्या पदार्थांसाठी साल्मोनेलाचा निकष आहे २५ ग्रॅममध्ये एकही नको. या दोन आकड्यांमधलं अंतर भरून काढायला नमुन्यातले जंतू आधी वाढवून घ्यावे लागतात. २५ ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटर या जंतू वाढवायच्या द्रवात घोळून रात्रभर उबेत ठेवायचा. एखादा जरी जंतू असला तरी सकाळपर्यंत त्याचे लाखो होतात, आणि मग पट्टी बुडवायची. ही पायरी गाळली की पट्टीला दिसण्याजोगं काही उरतच नाही. 'जलद' हा शब्द शेवटच्या पंधरा मिनिटांना लागू आहे, त्याआधीच्या रात्रीला नाही. किटच्या आतल्या कागदावर हे छापलेलं असतं, पण तो कागद बारीक अक्षरातला आणि इंग्रजीतला.

दुसरी खोट तुपाची. पेढा स्निग्ध, कोमट पाण्यात कालवला की वर तवंग येतो आणि तो पट्टीच्या पडद्यात शिरून प्रवाह अडवतो. नियंत्रण रेघ फिकट उमटली होती ती बहुधा त्यामुळेच. दहापट पातळ करणं आणि जाळीच्या पिशवीतून गाळून घेणं हे अशा पदार्थांना लागतंच.

तिसरी खोट सगळ्यात मोठी. मुळात साल्मोनेला शोधायचं कारणच नव्हतं.

घड्याळ काय सांगत होतं

साडेअकराला खाल्लं, दीडच्या पुढे उलट्या. दोन ते चार तास. एवढी एक गोष्ट हातात असली की निम्मे संशयित आपोआप गळतात.

साल्मोनेला आतड्यात जाऊन वाढतो, मग त्रास देतो. त्याला साधारण ६ ते ७२ तास लागतात आणि बहुतेकदा ताप असतो. लिस्टेरिया तर काही दिवसांपासून थेट ७० दिवसांपर्यंत वेळ घेऊ शकतो. दोन तासांत उलट्या सुरू होतात तेव्हा पोटात जंतू वाढायला वेळच मिळालेला नसतो. विष अन्नातच तयार होऊन आलेलं असतं. असे ठळक दोन. एक स्टॅफिलोकोकस ऑरियस, ज्याचं विष अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत उलट्या काढतं आणि एका दिवसात माणूस मोकळा होतो. दुसरा बॅसिलस सीरियसचा उलटीवाला प्रकार, १ ते ६ तासांचा. धातूची विषबाधाही लवकर दिसते, पण ती बहुधा मिनिटांत ते तासाभरात, आणि इथली कढई लोखंडी होती.

चहाचं काय? शाळेच्या शिक्षकांनी एक काम फार चांगलं केलं होतं. रुग्णालयात बसूनच त्यांनी वहीच्या पानावर कोणी काय खाल्लं ते लिहून काढलं. नुसता चहा घेतलेल्यांपैकी कोणीही आजारी नव्हतं. पेढा खाल्लेले पण चहा न घेतलेले आजारी होते, आणि पोरांना तर चहा दिलाच नव्हता. हे एक पान आमच्या कुठल्याही उपकरणाहून आधी आणि फुकट उत्तर देऊन गेलं. सत्काराच्या ठिकाणी पंगत नव्हती हेही नशीब. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात एकादशीच्या महाप्रसादातली भगर-आमटी खाऊन दोन हजारांच्या घरात माणसं आजारी पडली होती. तसल्या गर्दीत कोणी किती वाजता काय खाल्लं याची यादी करणं किती अवघड, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

फोनवरच मालकांना दोन गोष्टी सांगितल्या. त्या लॉटचा माल जिथे जिथे गेलाय तिथून आत्ताच्या आत्ता विक्री थांबवा आणि परत मागवा. आणि फ्रीजरमध्ये त्या दिवशीचा खवा उरला असेल तर तो फेकू नका, बांधून वेगळा ठेवा. माल परत घेण्यासाठी चाचणीच्या निकालाची वाट पाहण्यात अर्थ नसतो. शिक्षकांची यादी आणि घड्याळ एवढा पुरावा त्याला पुरे होता. दुकानदार कुरकुरला, पट्टीचा फोटो हा त्याच्या लेखी पुरावा होता.

काय तपासायचं आणि कशात

संध्याकाळी अन्न सुरक्षा अधिकारी येऊन त्यांचे नमुने घेऊन गेले. २००६ च्या कायद्यात अन्न विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवसांची मुदत आहे. कायद्याच्या कामाला ती ठीक आहे, पण पेढ्याचं आयुष्य जेमतेम आठवड्याचं आणि मे महिन्यात त्याहून कमी. मालकांना उद्या सकाळी भट्टी पेटवायची की नाही हे ठरवायचं होतं. म्हणून समांतर चाचणी.

थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून जे आलं ते असं: दुकानातून परत आलेले त्या लॉटचे सीलबंद पाच डबे, एका आजारी मुलाच्या घरचा उघडा डबा, फ्रीजरमधला बटर पेपरमध्ये गुंडाळलेला खव्याचा गोळा, आणि स्वॅब. उघड्या डब्याला आम्ही फारसं वजन दिलं नाही. आजारी माणसाच्या घरात हात लागलेल्या डब्यात काही सापडलं तरी ते आधीचं की नंतरचं हे सांगता येत नाही.

पेढ्याला स्टॅफिलोकोकसचा संशय का जास्त, हे पाण्याच्या हिशेबात दडलं आहे. जंतूला वापरता येण्याजोगं पाणी किती, याला जलक्रिया म्हणतात. शुद्ध पाण्याची १. साल्मोनेलाला वाढायला साधारण ०.९४ लागते, लिस्टेरियाला ०.९२. स्टॅफिलोकोकस मात्र ०.८६ पर्यंत तग धरून वाढतो. साखर पडून घट्ट झालेला पेढा बाकीच्यांना कोरडा पडतो, याला नाही. आणि साखर पडण्याआधीचा खवा तर सगळ्यांनाच मोकळं रान.

चाचण्या अशा लावल्या. स्टॅफिलोकोकसचं विष शोधायला एलायझा, म्हणजे विषाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांवर चालणारी चाचणी. अर्क काढण्यापासून त्याच दिवशी उत्तर. स्टॅफिलोकोकस मोजायला तयार फिल्मच्या प्लेटा, २४ तास, आणि जोडीला बेअर्ड-पार्कर आगर हे जंतू वाढवायचं घट्ट माध्यम, ४८ तास. बॅसिलस सीरियसची मोजणी. साल्मोनेला रात्रभर वाढवून घेऊन पीसीआरने, दुसऱ्या दिवशी उत्तर. हा दुकानदाराच्या समाधानासाठी आणि नियमासाठी. परंपरागत पद्धतीने तोच साल्मोनेला शोधायला आधी वाढवणं, मग निवडक माध्यमात वाढवणं, मग प्लेट, मग खात्री असे चार-पाच दिवस जातात. लिस्टेरिया लावला नाही. दोन तासांच्या उलटीला लिस्टेरिया शोधणं म्हणजे पैसे वाया.

एक जुनी, स्वस्त चाचणीही केली. तिच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण छोट्या प्रयोगशाळांत ती विसरली गेली आहे. स्टॅफिलोकोकस वाढताना थर्मोन्यूक्लिएज नावाचं विकर (एन्झाइम) सोडतो आणि ते उकळूनही मरत नाही. पदार्थाचा अर्क काढायचा, पंधरा मिनिटं उकळायचा, म्हणजे बाकीची विकरं निकामी होतात. मग डीएनए आणि टोल्युइडिन ब्लू घातलेल्या निळ्या आगरात बारीक भोकं पाडून त्यात हा अर्क सोडायचा आणि प्लेट ३७ अंशांवर ठेवायची. काही तासांत भोकाभोवती गुलाबी कडं उमटलं तर या अन्नात कधीतरी स्टॅफिलोकोकस भरपूर वाढला होता. 'कधीतरी' महत्त्वाचं. आत्ता तो जिवंत आहे की नाही याच्याशी त्या कड्याला देणंघेणं नसतं. इतर काही जंतूही असं विकर सोडतात, त्यामुळे हा अंतिम पुरावा नव्हे. पण एका प्लेटच्या खर्चात दिशा मिळते.

निकाल

संध्याकाळपर्यंत पाचपैकी तीन डब्यांच्या भोकांभोवती गुलाबी कडी होती. दोन डब्यांच्या भोकांना काही नाही. खव्याच्या गोळ्याचं कडं सगळ्यात रुंद, फूटपट्टीने मोजावं असं. एलायझाने तेच सांगितलं: त्याच तीन डब्यांत आणि खव्यात विष आहे.

दुसऱ्या दिवशी फिल्म उघडल्या आणि मालकांना पुन्हा आशा वाटली. पेढ्याच्या पाचही डब्यांच्या प्लेटा जवळजवळ रिकाम्या. स्टॅफिलोकोकस मोजता येण्याइतकाही नाही. साल्मोनेला निगेटिव्ह. बॅसिलस सीरियस अगदी किरकोळ. नेहमीच्या अहवालाच्या भाषेत हा माल 'पास' होता. एखाद्या व्यापाऱ्याने त्याच लॉटची नेहमीची जंतूमोजणी करून घेतली असती तर त्याला स्वच्छ अहवाल मिळाला असता आणि त्याने तो फ्रेम करून भिंतीला लावला असता.

खव्याच्या प्लेटा मात्र काळ्याभोर. बेअर्ड-पार्कर आगरावर चकचकीत काळ्या कॉलनी आणि भोवती अंड्याच्या बलकाचं पारदर्शक कडं. ग्रॅमला लाखांच्या घरात. सशाच्या प्लाझ्मात टाकल्या तर गुठळी झाली, म्हणजे कोअ‍ॅग्युलेज पॉझिटिव्ह, ही स्टॅफिलोकोकस ऑरियसची खूण.

आता चित्र जुळलं. विष खव्यात तयार झालं. सकाळी खवा साखरेबरोबर परतला तेव्हा जंतू मेले, कारण तो फारसा काटक नाही, ऐंशी अंशांच्या परतण्यात मरतो. त्याने सोडलेलं विष मात्र तसंच राहिलं. ते १०० अंशांवर अर्धा तास उकळूनही टिकतं. पेढ्यात मेलेल्या जंतूंचं जिवंत काम होतं आणि जिवंत जंतू मोजणारी प्लेट त्याबद्दल गप्प होती.

पीसीआरने स्टॅफिलोकोकस शोधला असता तर? पीसीआर डीएनए पाहतो आणि मेलेल्या पेशींचाही डीएनए काही काळ शिल्लक असतो. इतर वेळी ही त्याची खोड मानली जाते, कारण शिजवलेल्या पदार्थात मेलेला जंतू 'पॉझिटिव्ह' म्हणून उठतो आणि विनाकारण माल अडतो. इथे कदाचित तीच खोड कामी आली असती. पण डीएनए सापडला म्हणजे विष होतंच असं नाही, त्यामुळे विषाची थेट चाचणी ती थेटच.

पाचपैकी दोन डबे स्वच्छ कसे? त्या सकाळी पेढ्याला दोन कढयांचा खवा वापरला होता. एक रात्रीचा, एक पहाटेचा ताजा. डबे भरताना ते सरमिसळ झाले. आम्ही एकच डबा तपासला असता आणि तो नेमका ताज्या खव्याचा निघाला असता, तर? हा प्रश्न पुढे दुकानदाराच्या हट्टाला उत्तर द्यायला उपयोगी पडला. तो म्हणत होता, यापुढे प्रत्येक लॉटचे पाच डबे तपासूनच घेईन. हिशेब सोपा आहे. शंभरात एक डबा दूषित असेल आणि आपण पाच डबे तपासले, तर पाचही चांगले निघायची शक्यता ९५ टक्के. साठ डबे फोडून तपासले तरी ५५ टक्के. साठ डबे फोडून विकायचं काय? "आमचं दुकान हाय, प्रयोगशाळा न्हाई," असं शेवटी तोच म्हणाला.

भट्टीवर

निकाल हातात घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. प्रयोगशाळेत बसून अहवाल लिहिला की काम संपतं असं मानणारे लोक आहेत. मी त्यांच्यातली नाही.

निकालाच्या आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकीचा अंदाज धरून जास्तीचा खवा काढला होता. सातच्या सुमाराला वळवाचा पाऊस आला, तारा तुटल्या, लाईट गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. फ्रीजर बंद, त्यात आधीचाच माल गच्च भरलेला. मालकीणबाईंनी सुचवलं की खवा परातीत ओतून वर ओलं फडकं टाकू, रात्रीत निवेल. त्यांचं म्हणणं वाईट नव्हतं, पण परात होती खोल आणि खवा रचला होता ढिगाने. खव्याचा असा ढीग वरून गार लागतो. आत हात घातला तर पहाटेपर्यंत कोमट. हे बघायला आम्ही मुद्दाम तसाच ढीग करून मधोमध थर्मामीटर खुपसून ठेवला. कितीतरी तास काटा जंतूंच्या आवडीच्या पट्ट्यातून हललाच नाही.

३५-३७ अंशांना चांगल्या खाद्यात स्टॅफिलोकोकस साधारण अर्ध्या ते पाऊण तासात दुप्पट होतो. ग्रॅमला शंभरावरून सुरुवात झाली तर तेरा दुपटींत आठ लाखांच्या वर जातो. म्हणजे सात ते दहा तास. विष धोक्याच्या पातळीला यायला ग्रॅमला साधारण लाखभर जंतू लागतात असं धरतात. संध्याकाळी सात ते सकाळी सात या रात्रीत ते सहज बसतं.

पण ते शंभर आले कुठून? दुधातून येऊ शकतात, कासदाह झालेल्या जनावराच्या दुधात हा जंतू असतोच. मात्र दूध आटून खवा होईपर्यंत तो मरतो. आलेलं दूध लगेच कढईत पडत होतं, त्यामुळे दुधातच आधी विष झालं असावं असं वाटत नव्हतं. बॅसिलस सीरियसची गोष्ट वेगळी. त्याचे बीजाणू आटवण्यातून वाचतात, म्हणून तो मोजला होता, पण आकडा किरकोळ निघाला. उरला तो खवा उतरवल्यानंतरचा हात.

खवा उतरवला की तो हाताने मळून, मोडून गोळे करतात. हे काम करणाऱ्या मावशींच्या अंगठ्याला कढईचा चटका बसून फोड आला होता, तो फुटून चिघळला होता. वर साडीच्या काठाची चिंधी बांधलेली, ती खव्याने आणि तुपाने तांबूस झालेली.

"आवं, एवढ्याशा फोडानं काय हुतंय? भट्टीवर काम म्हणल्यावर चटका बसायचाच," मावशी म्हणाल्या. त्यांना कोणी रागवू नये म्हणून मालकीणबाई मध्ये पडल्या. रागवायचं कारणही नव्हतं.

अंगठ्याचा स्वॅब कोअ‍ॅग्युलेज पॉझिटिव्ह आला. चिंधीचाही, परातीवरच्या फडक्याचाही. मात्र एवढ्यावरून 'मावशींच्या अंगठ्यातून आलं' असं अहवालात लिहिलं नाही. हा जंतू दर चार-पाच माणसांत एकाच्या नाकात कायम वस्तीला असतो. इतर दोघांच्या नाकाच्या स्वॅबमध्येही तो होताच. खव्यातला आणि अंगठ्यातला जंतू एकच हे ठरवायला जनुकीय तुलना लागते, ती आम्ही केली नाही. दुरुस्ती करायला तिची गरजही नव्हती. जखम कोणाचीही असो, ती झाकली पाहिजे. ढीग कोणाचाही असो, तो फोडला पाहिजे.

पुढे काय ठरलं

परत आलेला माल खड्ड्यात पुरला. भट्टी चार दिवस बंद राहिली. नुकसान किती झालं ते मालकांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग जलद चाचण्या कुठे बसवायच्या याची चर्चा झाली. मालकांचा कल साहजिकच तयार पेढ्याकडे होता, गिऱ्हाईक तेच बघतं ना. पण पेढा तपासणं म्हणजे परतून मेलेले जंतू मोजणं. म्हणून ठरलं की आठवड्यातून एकदा खवा तपासायचा, परतण्याआधीचा, फिल्मच्या प्लेटवर. छोटं इन्क्युबेटर कारखान्यातच ठेवलं. मालकांचा बारावी झालेला पोरगा प्लेटा लावतो आणि दुसऱ्या दिवशी कॉलन्या मोजून फोटो पाठवतो. विषाची एलायझा नेहमीसाठी नाही, खर्च झेपणारा नाही. ती फक्त तक्रार आली तर. आणि संशयाचा खवा चाचणी करून वाचवायचा नाही. उतरवल्यावर चार तासांहून जास्त गरम-कोमट राहिला तर सरळ फेकायचा. हे ठरवताना मालकांचा चेहरा पडला होता, किलोमागे पाच लिटर दूध डोळ्यांसमोर होतं.

कढई, परात, मशीनचं पातं धुतल्यावर एटीपी (पेशींमधलं ऊर्जेचं रसायन) मोजणारं यंत्र लावून बघावं असं सुचवलं. त्यात स्वॅब घातला की दहा-पंधरा सेकंदांत आकडा येतो. तो जंतूंचा नसतो, उरलेल्या अन्नाचा आणि जंतूंचा मिळून असतो, त्यामुळे 'स्वच्छ धुतलं का' एवढंच कळतं. सकाळी भट्टी पेटवण्याआधी एवढं कळलं तरी पुष्कळ. यंत्र महाग, शेजारच्या तीन-चार भट्टीवाल्यांनी मिळून घ्यावं असं बोलणं चाललं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे, तिथे प्रशिक्षणाला पोराला पाठवायचं मालकांच्या मनात आहे.

थंड करायची रीत बदलली. खोल परातीऐवजी दोन इंचांहून उथळ ताटं, खाली बर्फाचं पाणी, आणि मग फ्रीजर. फ्रीजर रात्रीच रिकामा करून ठेवायचा. जनरेटर जुना का होईना, घेतला. प्रत्येक लॉटचा एक डबा तारीख घालून दहा दिवस फ्रीजरमध्ये राखून ठेवायचा. या वेळी खव्याचा गोळा फ्रीजरमध्ये उरला तो योगायोगाने, एरवी सगळं संपलेलं असतं. कुठल्या कढईचा खवा कुठल्या डब्यात गेला हे डब्यावर लिहायचं. या शेवटच्या गोष्टीला कामगारांचा सगळ्यात जास्त विरोध झाला, कारण निकालासारख्या दिवशी लिहीत बसायला वेळ नसतो.

जखमेचा प्रश्न उरला. हाताला चिरा, फोड, गळू असेल त्याने उघड्या मालाला हात लावायचा नाही, हा नियम सगळ्या पुस्तकांत असतो. पण या भागात भट्टीवरची मजुरी दिवसाची असते. जखम दाखवली की घरी पाठवतात आणि त्या दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा जखम कोण दाखवणार? चिंधी बांधून झाकणारच. मालकीणबाईंनी ठरवलं की अशा वेळी त्या माणसाला वजनाच्या नोंदी आणि दूध मापायच्या कामाला बसवायचं, मजुरी पूर्ण द्यायची. मालकांना ते पटायला वेळ लागला. मावशींचा अंगठा बरा होईस्तोवर त्या दुधाची वही सांभाळत होत्या. त्यांना अक्षरं फारशी येत नाहीत, आकडे चोख येतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका गवळ्याचं दूध रोज अर्धा लिटर कमी भरतंय हे शोधून काढलं आणि आता तो वाद चालू आहे.